शरीरातील पेशींचा संवाद

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात विज्ञानावर चार शब्द बोलावेत असे संस्थेच्या चालकांनी सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न माझ्यापुढे होता. अवकाशयाने, संगणक हे विषय मुलांना आवडतात हे खरे. परंतु समोर आईवडीलही बसणार होते. म्हणून मुलांच्या पाठ्यपुस्तकात ज्याचा उल्लेख आहे आणि आईवडिलांचा ज्याच्याशी घरात रोज संबंध येतो, असा विषय मी निवडला. आपल्या शरीरातील पेशी एकमेकींशी कशा बोलतात आणि हे बोलणे बिघडले म्हणजे काय होते, हा तो विषय. ऐकायला तो अवघड वाटेल. पण मधुमेह, पटकी, तंबाखूचे व्यसन या आपल्या परिचयाच्या गोष्टी त्यातच येतात. मधुमेहाविषयी मी थोडे अधिक बोलणार आहे. कारण पेशींच्या संवादाचे ते सर्वात स्पष्ट उदाहरण आहे, आणि त्याविषयीच्या गैरसमजांची किंमत कधी कधी मुलांना जीव देऊन मोजावी लागते.

पेशींना बोलण्याची गरज काय?

आपणा प्रत्येकाचे शरीर एका पेशीपासून सुरू झाले. एकीच्या दोन, दोनांच्या चार अशा वाढत वाढत प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी होतात. त्यांतील बहुतेकींजवळ आनुवंशिक माहितीचा जवळजवळ एकच ग्रंथ असतो. पण कुणी स्नायूचे काम करते, कुणी यकृताचे, कुणी डोळ्यांतील पडद्याचे. एवढी मोठी वस्ती आणि एवढी कामाची वाटणी म्हटल्यावर निरोपानिरोपीची काही सोय हवीच.

समजा, तुम्ही सकाळी चहाबरोबर पाव खाल्ला. थोड्या वेळाने त्या पावातील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात उतरू लागते. आता पोटरीच्या स्नायूतील पेशीला हे कसे कळावे? तिला तोंड नाही, डोळे नाहीत. यकृताने आता साखर बाहेर सोडायची थांबवावी आणि उलट साठवावी, हे यकृताला कुणी सांगायचे? चरबीच्या पेशींना कुणी सांगायचे? हे निरोप वेळेवर गेले नाहीत तर घरात धान्याची पोती येऊन पडलेली आणि माणसे उपाशी, अशी अवस्था होईल. ही नुसती उपमा नव्हे. मधुमेहात अगदी हेच घडते, ते पुढे येईलच.

शोधाची सुरुवात

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, शरीरातील सगळे निरोप मज्जातंतूंमार्फत जातात. अन्न जठरातून लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागतो, तोही मज्जातंतूंच्या आज्ञेने, असे मानले जाई. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी हे पडताळून पाहिले. एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याकडे जाणारे सर्व मज्जातंतू त्यांनी कापून टाकले आणि त्या तुकड्यात आम्ल सोडले. तारा तोडल्या होत्या, तरी स्वादुपिंडातून रस वाहू लागला! मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात खलले आणि गाळून आलेला द्रव रक्तात टोचला. पुन्हा रस वाहिला. म्हणजे आतडे एक रासायनिक पदार्थ रक्तात सोडते आणि रक्तच तो निरोप स्वादुपिंडाला पोहोचवते, हे सिद्ध झाले. अशा निरोप्या पदार्थांना स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चालना देणे. आपण मराठीत संप्रेरक म्हणतो, तेही त्याच अर्थाने.

निरोपाच्या चार वाटा

आज आपल्याला माहीत आहे की पेशींचे निरोप मुख्यतः चार वाटांनी जातात.

पहिली वाट भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांची. हृदयाच्या स्नायुपेशींमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचे दरवाजे असतात. एकीला विजेचा ठोका लागला की तो लगेच दुसरीकडे जातो, आणि त्यामुळे सगळ्या एकदम आकुंचन पावतात. प्रत्येकीने आपल्या मनाने ठोका दिला असता तर रक्त पुढे ढकललेच गेले नसते.

दुसरी वाट मोहल्ल्यापुरती. बोट कापले की तेथील पेशी असे पदार्थ सोडतात की ते आसपासच्या पेशींना मदतीला बोलावतात. त्यामुळेच ती जागा लाल होते व सुजते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निरोप म्हणून निघतो आणि वाहिनीच्या स्नायूला सैल व्हायला सांगतो. छातीत कळ येणाऱ्या रुग्णाला जिभेखाली ठेवण्यासाठी नायट्रेटची गोळी देतात, तिचे काम याच वायूमार्फत चालते. या शोधाला १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरी वाट मज्जातंतूंची. येथे निरोप तारेसारखा वेगाने धावतो. पण तंतूच्या टोकाशी आल्यावर पुढच्या पेशीपर्यंत तो रसायनाच्याच रूपाने जातो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी यांनी १९२१ साली हे दाखवले. बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्यांनी ते मंद केले आणि त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसऱ्या हृदयाला कुणी हात लावला नव्हता, तरी तेही मंद झाले. तो पदार्थ ॲसिटिलकोलीन हा होता, हे पुढे ठरले.

चौथी वाट रक्ताची, म्हणजे संप्रेरकांची. ही टपालासारखी. पत्र साऱ्या गावातून फिरते. पण ज्याचा पत्ता त्यावर आहे तोच ते घेतो.

पत्ता, दार आणि आतला निरोप्या

आता हा पत्ता म्हणजे काय? पेशीच्या आवरणावर काही खास प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे घेणारा. जसे एका कुलपाला एकच किल्ली लागते, तसे प्रत्येक ग्राहीला ठरावीक आकाराचा रेणूच बसतो. ज्या पेशीवर ग्राही नाही, तिच्या दारावरून तो निरोप कितीदा गेला तरी तिला तो ऐकू येत नाही.

बहुतेक संप्रेरके दारातच थांबतात, आत जात नाहीत. मग आतले काम कसे सुरू होते? हे कोडे अमेरिकेतील अर्ल सदरलँड यांनी सोडवले. भीती वाटली की ॲड्रेनॅलीन हे संप्रेरक रक्तात येते आणि यकृत साठवलेली साखर बाहेर सोडते. सदरलँड यांना आढळले की, ॲड्रेनॅलीन बाहेरच राहते आणि पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा दुसरा निरोप्या तयार होतो. घरी येणाऱ्या पाहुण्याने दारावरची घंटा वाजवावी आणि आतल्या मुलाने घरभर ओरडत सुटावे, तसे हे. शिवाय प्रत्येक पायरीवर निरोप वाढत जातो. दारात एक रेणू आला तर आत हजारो रेणू कामाला लागतात. या शोधाबद्दल सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. निरोप देणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो थांबवणे. रक्तातील इन्सुलिन काही मिनिटांतच निम्म्यावर येते. मज्जातंतूच्या टोकाशी सुटलेले ॲसिटिलकोलीन तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत मोडून टाकले जाते. शेतात फवारायची काही कीटकनाशके हे मोडण्याचे काम बंद पाडतात. मग स्नायूंना आज्ञा मिळतच राहते आणि शेवटी श्वास अडकतो. तोंडाला फडके न बांधता, वाऱ्याच्या विरुद्ध उभे राहून फवारणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इन्सुलिनची हकीकत

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. १८६९ साली बर्लिनमधील पॉल लाँगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंड पाहताना एक विशेष टिपला. पाचकरस करणाऱ्या पेशींच्या समुद्रात वेगळ्याच पेशींची लहान लहान बेटे दिसत होती. त्या वेळी तो २१ वर्षांचा होता. बेटांचे काम काय, हे त्याला सांगता आले नाही. पण जे दिसले ते त्याने नीट लिहून ठेवले. पुढे १८८९ साली मिन्कोव्स्की आणि फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. म्हणजे साखरेचा कारभार पाहणारा निरोप स्वादुपिंडातून निघतो, हे उघड झाले.

तो निरोप हाती लागायला आणखी ३२ वर्षे जावी लागली. १९२१ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यविशारद आणि चार्ल्स बेस्ट हा २२ वर्षांचा विद्यार्थी कामाला लागले. प्रयोगशाळा प्राध्यापक मॅक्लाउड यांची होती, आणि अर्क शुद्ध करण्याचे काम पुढे कॉलिप यांनी केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्या काळी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपचार होता. त्याचे वजन जेमतेम ३० किलो उरले होते. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, त्याने फारसा गुण आला नाही. २३ जानेवारीला कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलाची साखर उतरली. तो त्यानंतर १३ वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी आपल्या वाट्याची रक्कम बेस्ट व कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतली. पेटंटाचे हक्क तर विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकण्यात आले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. आपण तो बालदिन म्हणून पाळतो, आणि जग तो मधुमेह दिन म्हणून पाळते.

या इन्सुलिनचे काम काय? जेवणानंतर रक्तात साखर वाढली की बेटांमधील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. ते स्नायूच्या व चरबीच्या पेशींवरील ग्राहीत बसते. आत निरोप फिरतो आणि साखर आत घेणारी प्रथिने पेशीच्या पोटातून उठून आवरणावर येऊन बसतात. म्हणजे दार उघडते. यकृतालाही निरोप मिळतो की आता साखर सोडू नकोस, साठव. सारा मधुमेह या एका निरोपाभोवती आहे.

निरोप निघतच नाही तेव्हा

लहान मुलांना व तरुणांना होणारा जो मधुमेह, त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. यात शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच बीटा पेशींना शत्रू समजून नष्ट करतात. निरोप पाठवणाराच राहत नाही. रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल साठते, आणि उपचार न मिळाल्यास मूल दगावते.

पालकहो, याची लक्षणे कृपा करून ध्यानात ठेवा. मूल वारंवार लघवीला जाते. रात्री अंथरूण ओले करायचे सोडून दिलेले मूल पुन्हा करू लागते. तहान भागत नाही, खाऊनही वजन उतरते, सतत थकवा असतो. पुढे पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास जोरजोराने चालतो आणि तोंडाला फळासारखा वास येतो. पोटदुखी, उलटी पाहून अपचनाचा इलाज करत दोन दिवस घालवले, तर ते दोन दिवस परत मिळत नाहीत. अशा वेळी बोटातील थेंबभर रक्ताची तपासणी मिनिटाभरात उत्तर देते. ती मागून घ्या.

आता गैरसमजांविषयी. हा आजार मिठाई खाल्ल्याने होत नाही. तो आईच्या किंवा बापाच्या चुकीने होत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. “इंजेक्शन सुरू केले की त्याची सवय लागते” असे शेजारीपाजारी सांगतात. श्वासाची सवय लागते असे आपण म्हणतो काय? जो निरोप शरीर स्वतः पाठवत होते, तोच आपण सुईने पाठवतो, एवढेच. गोळी का चालत नाही, असेही विचारतात. इन्सुलिन हे प्रथिन आहे. पोटात गेले तर ते मांसाच्या किंवा डाळीच्या प्रथिनासारखे पचून जाते, निरोप मोडून पडतो. त्याच कारणाने ते उन्हात ठेवायचे नाही आणि बर्फातही गोठवायचे नाही.

आणखी एक प्रश्न आपल्या समाजात दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून तो मीच काढतो. इन्सुलिन डुकरापासून करतात काय? आरंभीची सुमारे साठ वर्षे ते गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात होते, हे खरे आहे. १९७८ साली मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून तयार करून घेण्यात यश आले आणि १९८२ साली ते अमेरिकेत वापरात आले. आज दुकानांत मिळणारे बहुतेक सर्व इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून तयार करून घेतलेले असते. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला नि:संकोच विचारा. पण शंकेपोटी मुलाचे इंजेक्शन एक दिवसही बंद करू नका. कुणी जडीबुटीने मुळासकट बरे करतो म्हणाला आणि इन्सुलिन बंद करायला सांगू लागला, तर त्याच्या दारातून परत या. नष्ट झालेल्या बीटा पेशी काढ्याने उगवत नाहीत.

मुलीला मधुमेह झाला तर काही घरांत तो लपवतात. लग्न जमणार नाही ही धास्ती असते. ती धास्ती मी समजू शकतो. पण लपवायचे म्हणजे इंजेक्शन चोरून घ्यायचे, म्हणजे कधी चुकवायचे. आणि चुकवल्याचा हिशेब डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू भरतात. वेळेवर इन्सुलिन घेणारी मुलगी शिकू शकते, नोकरी करू शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आई होऊ शकते. आजार झाकल्याने स्थळ टिकत नाही, मुलीचा विश्वास मात्र तुटतो.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. वर्गात असे मूल असेल तर त्याची माहिती तुम्हाला असावी. इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. अशा वेळी ॲड्रेनॅलीन धोक्याची घंटा वाजवते. मुलाला घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते. पुढे ते गोंधळते, वेडेवाकडे बोलते. त्याला रागावू नका, बाहेर उभे करू नका. शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखर, ग्लुकोज किंवा सरबत द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.

निरोप ऐकू येत नाही तेव्हा

मोठ्या माणसांत जो मधुमेह आपण जास्त पाहतो, तो दुसऱ्या प्रकारचा. येथे गंमत अशी की, सुरुवातीला इन्सुलिन कमी नसते. अमेरिकेतील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची अतिशय सूक्ष्म पद्धत शोधली, तेव्हा १९६० च्या सुमारास सर्वांना आश्चर्य वाटले. अशा अनेक रुग्णांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर होते. निरोप निघत होता. पेशी तो नीट ऐकत नव्हत्या. पोटावरील वाढलेली चरबी, बैठे काम आणि घराण्याकडून आलेली प्रवृत्ती यांनी पेशी बहिऱ्या होत जातात. बीटा पेशी अधिकाधिक जोराने ओरडतात आणि काही वर्षांनी थकतात. मग साखर वाढते.

यावर निसर्गाने एक मागचे दार ठेवले आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत घेणारी तीच प्रथिने इन्सुलिनच्या निरोपाशिवायही आवरणावर येतात. म्हणूनच रोजचे अर्धा तास झपझप चालणे हे नुसते वजन उतरवण्यासाठी नाही. ते पेशीचे दार दुसऱ्या हाताने उघडणे आहे. आपल्या घरांतील बायका दिवसभर राबतात, पण मोकळ्या हवेत चालायला बाहेर पडत नाहीत. त्यांना वेळ आणि सोबत मिळवून देणे हे घरातील पुरुषांचे काम आहे. अर्थात चालणे सुरू केले म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

येथे रोजांविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. निरोगी माणूस उपाशी राहिला की इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन हे दुसरे संप्रेरक वाढते आणि यकृत साठवलेली साखर हळूहळू सोडते. निरोपांची ही अदलाबदल इतकी व्यवस्थित होते की, सहेरीपासून इफ्तारपर्यंत मेंदूला साखरेची ददात पडत नाही. मधुमेहाच्या रुग्णात मात्र ही अदलाबदलच बिघडलेली असते. औषधाने टोचलेले इन्सुलिन रोजा पाहून थांबत नाही. म्हणून रोजे ठेवायचे की नाहीत आणि ठेवल्यास औषधाची वेळ व मात्रा काय, हे रमजान सुरू होण्याच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात धोका फार मोठा असतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तेथेच सोडावा असे तज्ज्ञ सांगतात. आजाऱ्याला सवलत आहे, हे आपण सारे जाणतोच. ती घेण्यात कमीपणा नाही.

निरोप थांबत नाही आणि निरोप खोटा असतो तेव्हा

पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. ते विष पेशीच्या आतील एका कळीला ‘चालू’ स्थितीत अडकवून ठेवते. वर ज्याचा उल्लेख केला तो सायक्लिक एएमपी मग तयार होतच राहतो आणि आतड्याच्या पेशी क्षार व पाणी बाहेर टाकत सुटतात. काही तासांत माणूस सुकून जातो. हे विष आहे, हे कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावरील प्रयोगांनी दाखवून दिले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. कळ अडकली तरी साखर आणि मीठ मिळून आत घेण्याचे दार शाबूत असते, आणि त्यांच्यामागून पाणी आत येते. मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतो तो यामुळे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरून अनेकांचे प्राण वाचवले. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नका. सरकारी दवाखान्यात मिळणारी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजत राहा.

आणि खोट्या निरोपाचे उदाहरण म्हणजे तंबाखू. तिच्यातील निकोटिन हे ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीत बसते. बनावट किल्लीच ती. मेंदूला खोटे सुख मिळते. रोज रोज ही किल्ली फिरू लागली की मेंदूत तसले ग्राही वाढतात आणि ते रिकामे राहिले की जीव कासावीस होतो. विद्यार्थी मित्रांनो, यालाच आपण तलफ म्हणतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो, तोंडापर्यंत येत नाही. पहिली पुडी नाकारणे सोपे असते, कारण तेव्हा मेंदूत वाढलेले ग्राही मागणी करत बसलेले नसतात.

विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना

या हकीकतीत आलेली माणसे पुन्हा आठवा. लाँगरहान्स २१ वर्षांचा होता, बेस्ट २२ वर्षांचा. रोझलिन यॅलो यांच्या घरच्यांना वाटे की मुलीने प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हावे. त्यांनी भौतिकशास्त्र घेतले आणि १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळवले. इंग्लंडमधील डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र तरुणपणी घेतले आणि त्याची संपूर्ण रचना १९६९ साली उलगडली. मध्ये तीस वर्षांहून अधिक काळ गेला. ती रचना उलगडणाऱ्या गटात आपल्या देशाचे एम. विजयन हेही होते. म्हणजे या कामाला फार मोठे घराणे लागत नाही; जे दिसते ते नीट पाहण्याची सवय आणि न कंटाळता टिकून राहण्याची ताकद लागते. दहावीनंतर मुलगी विज्ञानशाखेला जाऊ का असे विचारते, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी या दोघींची नावे आठवा.

संशोधनाचे काम अजून संपलेले नाही. मरून गेलेल्या बीटा पेशी पुन्हा कशा उभ्या करायच्या, बहिऱ्या झालेल्या पेशींना पुन्हा ऐकू कसे आणायचे, याचा शोध जगभर चालू आहे. त्यात या संस्थेच्या शाळेतून गेलेली मुलेमुली असावीत, असे मला मनापासून वाटते.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करू या. घरात मधुमेही मूल असेल तर त्याचे इंजेक्शन चुकू देऊ नका. वर्गातील मधुमेही सोबत्याला चिडवू नका. त्याच्या खिशातली साखरेची पुडी कोणत्या खिशात असते, तेवढे माहीत करून घ्या. आणि वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी गेल्या वर्षभरात साखर तपासलेली नाही, त्यांनी ती या आठवड्यात तपासून घ्यावी.